पान वाढलंय

सांगलीच्या त्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नाही, हे आचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे मागच्या अंगाला सकाळपासून मसालेभाताची तयारी चालली होती, मठ्ठ्यासाठी कोथिंबीर चिरली जात होती आणि जिलबीच्या पाकाचा वास थेट दर्शनी कमानीपर्यंत आला होता. कमानीवर झेंडूची तोरणं होती आणि तोरणांच्या मधोमध फलक : 'दक्षिण महाराष्ट्र कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद, वार्षिक अधिवेशन'. सनईसुद्धा लागणार होती, ती परिषदेत प्रस्ताव मांडायला आलेल्या केतकी आरवाडेनं हात जोडून थांबवली.

"अगं, हॉल घेतला की सनई, जेवण, मांडव, समदं एकातच येतंय," तात्या शिरगावे म्हणाले. "येगळं काढता येत न्हाई."

"पण तात्या, जेवणार कोण?"

तात्या परिषदेचे चिटणीस. त्यांचा सगळा जन्म सहकारी संस्थांच्या सभा पार पाडण्यात गेला होता, आणि सभा म्हटली की नारळ, शाल, आभार आणि जेवण या चार गोष्टी त्यांच्या लेखी टळत नसत. त्यांनी सभागृहावर एक नजर टाकली. पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा होत्या, आणि प्रत्येक खुर्चीवर साबणाच्या डबीएवढी एक काळी डबी. प्रत्येक डबीच्या कपाळावर हिरवा ठिपका. माणूस औषधालाही नव्हता.

"बोलावलेल्याला उपाशी धाडायचं का मग?" तात्या म्हणाले. "ते काय माझ्याच्यानं हुणार न्हाई बघ."

केतकी हसली, आणि हातातल्या निवेदनाचे कागद पुन्हा चाळू लागली.

या डब्यांना सरकारी भाषेत 'प्रतिनिधी' म्हणत. मोठी सोयीची वस्तू, यात वादच नाही. तुम्ही आजवर लिहिलेली पत्रं, केलेली भाषणं, दिलेली मतं, फोनवरची बोलणी, त्यातले थांबे आणि उसासे हे सगळं या डबीला खाऊ घालायचं. मग पुढ्यात एखादा प्रश्न आला की यावर तुम्ही बहुधा काय म्हणाल, याचा ती हिशेब मांडते आणि तुमच्याच आवाजात ते म्हणून टाकते. हिशेब असा पक्का, की घरच्यांनाही फरक कळत नसे. पहिल्यांदा लोकांनी डब्या कंटाळवाण्या बैठकांना पाठवल्या. मग सोसायटीच्या सभांना, शाळेच्या पालकसभांना पाठवल्या. पुढे पुढे तर लोक सांत्वनालाही डबी पाठवू लागले, आणि दारातून आत न येताच ती "फार वाईट झालं हो" म्हणू लागली. कायद्यानं डबीचा शब्द तो मालकाचा शब्द ठरला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेलाच कृत्रिम बुद्धी तेवढी हजर राहते, यात नवल वाटून घेणारंही कुणी उरलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र डबीला जमत नसे. 'मला माहीत नाही' असं तिला म्हणताच येत नव्हतं. ओळखीचा प्रश्न असो की जन्मात न ऐकलेला असो, तिचा हिशेब कुठल्या ना कुठल्या उत्तरावर येऊन थांबायचाच. दोन उत्तरांमध्ये केसाइतका फरक असला तरी ती त्यातलं एक उचलायची आणि त्याच ठाम सुरात सांगायची. शिवाय तिचं सगळं शिक्षण कालपर्यंतचं. आज सकाळी तुमचं मन बदललं असेल, तर ते तिला कुठून कळणार?

केतकीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. तिचे बाबा, भूपाल आरवाडे, जन्मभर म्हणत आले होते, "मला कधी दवाखान्यात नळ्या-बिळ्या लावू नका." धडधाकट माणसं म्हणतात तसंच ते म्हणणं होतं. मग एका दुपारी ते कोसळले. केतकी मुंबईहून पोचेपर्यंत दवाखान्यानं रीतसर त्यांच्या डबीला विचारलं होतं, आणि डबीनं बाबांच्या आवाजात क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं होतं, "उपचार नकोत." डॉक्टरांनी कायदा पाळला. पण त्याच आठवड्यात बाबांनी नवा चष्मा करायला टाकला होता. "तुझा प्रबंध वाचायचाय गं, अक्षरं फार बारीक आहेत त्याची," असं ते तिला फोनवर म्हणाले होते. ज्याला चारशे पानांचा प्रबंध वाचायचा आहे, त्याला जगायचंही असणार. हे डबीला कळलं नाही, कारण असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. चष्मा तयार होऊन आला तेव्हा तो घालायला घरात कुणी नव्हतं. तेव्हापासून तो केतकीच्या पर्समध्ये होता.

त्यानंतर ती रडली, भांडली, आणि मग कामाला लागली. तिनं डबीसाठी एक छोटी जोड तयार केली आणि तिचं नाव ठेवलं 'शंका'. समोरचा प्रश्न मालकाच्या आजवरच्या अनुभवापासून किती लांबचा आहे, उत्तरं किती काठावर आहेत आणि जुनं मत किती शिळं झालंय, एवढंच शंका मोजायची. माप ओलांडलं की डबीनं गप्प बसायचं आणि मालकाला विचारायचं. मालक बोलायच्या स्थितीत नसेल तर त्याच्या माणसांना विचारायचं. ही जोड सगळ्या डब्यांना सक्तीची करावी, असा तिचा प्रस्ताव होता. परिषदेनं तो मान्य केला की सरकार नियमात घेणार होतं. पण परिषदेनं तो दोनदा फेटाळला होता, आणि तिसऱ्यांदा फेटाळला गेलेला प्रस्ताव पुन्हा कधीच मांडता येत नसे. आजची वेळ तिसरी होती.

उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणी एक डबीच असल्यामुळे तात्यांनी ती डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं समई पेटवली. मग तिच्यावर शाल पांघरली, तर डबी दिसेनाशीच झाली. शालीच्या आतून "मी अक्षरशः भारावून गेलो आहे" असा आवाज तेवढा आला.

चहाच्या सुट्टीत केतकी व्यासपीठावरच्या अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेली. त्या खुर्चीवरची डबी डॉ. अरविंद मणेरीकरांची होती. मणेरीकर सर म्हणजे केतकीचे गुरू, आणि डब्यांचे मूळ नियम लिहिणारे तेच. मतदानात दोन तृतीयांश मिळाले तरी नियम बदलायला त्यांचा होकार लागायचा.

"या, या, शंकासूर!" डबी म्हणाली. वर्गात केतकीनं हात वर केला की सर याच नावानं हाक मारत. आवाज तोच होता, शेवटी घसा खाकरायची लकबही तीच. केतकीला दरवेळी गलबलून यायचं, आणि दरवेळी स्वतःचा रागही यायचा.

"सर, तुम्ही कसे आहात?"

"उत्तम. पहाटे फिरणं, दुपारी झोप."

"मागच्या वर्षी हेच म्हणालात."

"मागच्या वर्षीही उत्तमच होतो."

"मी नव्यानं लिहिलेला प्रस्ताव घरी दाखवलात का?" तिनं जरा घुटमळत विचारलं. "निदान एकदा त्यांना विचारून..."

"त्यांना म्हणजे कोणाला? मलाच ना?" डबी मिश्कील हसली. "तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, म्हणून तर मी आहे. डबी सारखी विचारत बसली तर डबी घ्यायची कशाला, हे माझं मत कायम आहे बाळ."

केतकी मिरजेला सरांच्या घरीही दोनदा जाऊन आली होती. दाराला तशीच एक डबी होती. 'सर विश्रांती घेत आहेत, मी आहे ना' म्हणाली आणि दार काही उघडलं नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत सरांशी तिचं शेकडो वेळा बोलणं झालं होतं, आणि सर एकदाही भेटले नव्हते.

एवढ्यात तात्या एका बशीत गरम जिलबी घेऊन आले. आचाऱ्यानं चवीला दिली होती. सवयीनं त्यांनी बशी अध्यक्षांपुढेही धरली.

"सर, जिलबी?"

"नको, मला गोड वर्ज्य आहे," डबी लगेच म्हणाली.

"तुमाला तर समदंच वर्ज्य हाय," असं पुटपुटत तात्यांनी ती स्वतःच तोंडात टाकली.

केतकीचं निवेदन झालं. समोर हिरवे ठिपके शांत तेवत होते. तिनं बाबांचं उदाहरण दिलं. एकही ठिपका हलला नाही. मग आक्षेप आले. मागच्या वर्षीचेच तीन, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. तिनं उत्तरं दिली तेव्हा त्या त्या डब्यांनी "मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे" असंही मागच्या वर्षीसारखंच म्हटलं. केतकीला एकदम लख्ख दिसलं : ती कितीही चांगली बोलली तरी काहीच होणार नव्हतं. या डब्यांच्या मालकांनी दोनदा 'नाही' म्हटल्याची नोंद त्यांच्यापाशी होती, आणि आधीच्या नकारांच्या जोरावर पुढचा नकार आणखी पक्का होत चालला होता. समोरच्या हिरव्या ठिपक्यांना मन वळवता येतच नव्हतं.

"तर आता मतदान घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

तिला बाजूच्या दारात तात्या दिसले. हातात भला मोठा झारा होता आणि चेहरा काळजीत. "जेवान गार व्हायलंय," ते खुणेनं सांगत होते. "पानं मांडू का?"

केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. पानं. जेवण. तिच्या डोक्यात सरांच्या नियमावलीचं एक कलम वर आलं. दरवर्षी ती ते विद्यार्थ्यांना शिकवायची, आणि शिकवून शिकवून त्याकडे बघायची विसरली होती. ज्या कामाला देहाची गरज आहे ते काम प्रतिनिधीनं मालकाकडे परत पाठवावं. हे कलम सरांनी इंजेक्शनं आणि अंगठ्याचे ठसे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. त्यालाच जोडून दुसरं कलम होतं : मालक जागेवर हजर झाला की प्रतिनिधी मुका.

ती व्यासपीठावरून जवळजवळ उडी मारून खाली आली.

"तात्या, सूचना मांडा. आधी जेवण, मग मतदान."

"आं? जेवनार कोन म्हनालीस की मगाशी तूच!"

"मांडा हो तात्या! तुम्ही चिटणीस आहात, तुम्हाला अधिकार आहे."

सूचना मांडायची म्हटल्यावर तात्यांना वेगळं सांगावं लागत नसे. त्यांनी झारा बाजूला ठेवला, टोपी सारखी केली आणि माईक हातात घेतला. "मा. अध्यक्षमहोदय, मी अशी सूचना मांडतो की आधी जेवन करावं आनि मग मतदान घ्यावं."

"माझं अनुमोदन आहे," केतकी म्हणाली.

अध्यक्षांच्या डबीनं सूचना मतास टाकली. आता गंमत अशी, की आजवरच्या कुठल्याही अधिवेशनात, कुठल्याही बैठकीत जेवणाच्या सुट्टीला कुणी विरोध केल्याची नोंद एकाही डबीपाशी नव्हती. सूचना एकमतानं मंजूर झाली, आणि जेवण हे आता सभेचं काम ठरलं.

"मंडळी, मग पानं वाढल्यात," तात्यांनी गहिवरून जाहीर केलं. आयुष्यभर त्यांनी हे वाक्य म्हटलं होतं. "समद्यांनी जेवून जायचं. कुनी उपाशी गेलं तर मला लई वाईट वाटंल."

मग पहिल्या रांगेतला एक ठिपका हिरव्याचा पिवळा झाला. त्याच्या शेजारचा झाला. पिवळेपणा मागच्या रांगांपर्यंत पसरत गेला, आणि त्याच वेळी सांगली, मिरज, कुपवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी इथल्या घराघरांत, ऑफिसांत फोन वाजू लागले. पुण्या-सोलापूरच्या मालकांनी अर्थातच दिलगिरी कळवली. पण बहुतेक मंडळी तासाभराच्या अंतरावरची होती, आणि त्या सगळ्यांना आपल्याच आवाजात एकच निरोप ऐकू येत होता : "परिषदेत तुमचं पान वाढलंय. हे मला जमणार नाही. तुम्ही या."

काहींना वाटलं डबी बिघडली. काहींना वाटलं काहीतरी भलतंच घडलंय. पण 'पान वाढलंय' म्हटल्यावर नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. वाढलेलं पान सोडून द्यायचं म्हणजे अन्नाचा आणि वाढणाऱ्याचा दोघांचा अपमान, ही शिकवण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तज्ज्ञांनाही आईनंच दिलेली असते.

पहिल्या आल्या कुपवाडच्या एका कारखान्याच्या मालकीणबाई. गाडीची किल्ली बोटात फिरवत त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय झालंय इथं?" त्या आत येताच त्यांच्या खुर्चीवरची डबी विझली. मग इचलकरंजीचे दोन प्राध्यापक एका स्कूटरवरून आले. मग एक डॉक्टर आले, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. पाठोपाठ माणसं यायला लागली. कुणी बायकोला घेऊन आलं, कारण निमंत्रणपत्रिका कार्यालयाच्या ठरलेल्या साच्यात छापली होती आणि तीत 'सहकुटुंब' होतं. त्याच साच्यात 'कृपया आहेर आणू नये' हेही होतं, तरी एकानं पेढे आणलेच.

"अरे, तू? किती पांढरा झालास!"

"आणि तू काय स्वतःला आरशात बघतोस का कधी?"

दोन जण तर दारातच थबकले. तीन वर्षं त्यांच्या डब्यांचं एका शोधनिबंधावरून हाडवैर चाललं होतं. मग त्यातला एक म्हणाला, "तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का रे?" हे वैर तिथंच संपलं, आणि त्यांच्या डब्यांना याचा पत्ताही नव्हता.

पंगती बसल्या. ताटं मांडली, मीठ, लिंबू, चटणी, अळूची भाजी, मसालेभाताच्या मुदी आल्या. तात्यांचा आग्रह सुरू झाला, "घ्या हो, एवढ्यानं काय हुतंय!" केतकीनं पदर खोचला, जिलबीचं ताट उचललं आणि ती वाढायला निघाली. सकाळी व्यासपीठावरून जे सांगितलं होतं तेच तिनं पंगतीतून फिरत सांगितलं. पण आता माणसं मान वर करून बघत होती, आणि बाबांच्या चष्म्याशी आली तेव्हा एका बाईंनी घास तसाच हातात धरला.

"आज डबीनं तुम्हाला इथं का बोलावलं?" केतकी म्हणाली. "कारण आपल्याला पोट नाही, हे तिला माहीत आहे. मी एवढंच मागतेय, की आपल्याला मन नाही हेही तिला माहीत असावं. अडलं की तिनं विचारावं. तुम्ही तासाभरात सगळे आलात की नाही? बोलावलं तर माणसं येतात हो!"

"आणि ऊठसूट विचारत बसली तर?" जयसिंगपूरच्या एकानं विचारलं. हा प्रश्न सकाळी त्याच्या डबीनंही विचारला होता. पण डबी उत्तर ऐकून होती तिथंच राहिली होती. हा माणूस मात्र 'माप ओलांडलं तरच विचारेल' हे उत्तर ऐकून थोडा वेळ भात कालवत बसला आणि मग म्हणाला, "बरोबर आहे. माझ्या मुलीच्या शाळेत काय काय बोलून आलीय माझी डबी, मलाच माहीत नाही."

हां हां म्हणता पंगतीचा सूर फिरला. मतदान इथंच घ्या, लोक म्हणायला लागले. त्याच वेळी सभागृहातून तो ओळखीचा, खाकरणारा आवाज आला.

"मूळ नियमकर्ता या नात्यानं प्रस्तावाला माझा विरोध कायम आहे."

पंगतीतल्या माना सभागृहाकडे वळल्या. केतकीच्या हातातलं ताट खाली आलं. सगळे आले होते, आणि ज्यांच्यावाचून हे सगळं फुकट होतं तेवढे आले नव्हते. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग व्यासपीठाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठली सूचना मांडावी ते सुचलं नाही.

"कोण म्हणतं विरोध आहे?"

आवाज तोच, पण दाराकडून आला. थकलेला, दमलेला, ओला आवाज. दारात मणेरीकर सर उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी एक घर चुकवून लावलेली, पायात घरातल्या सपाता. व्यासपीठावरची डबी फट्कन विझली.

"रिक्षा मिळेना गं," सर म्हणाले. "बरीच वर्षं रस्त्यावर आलो नाही ना. मिरजेचा रस्ताच ओळखेना मला."

केतकी धावली. तिनं वाकून नमस्कार केला आणि तिला रडू आवरेना.

"पुरे, पुरे. शंकासूर कधी रडतो का?" सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डबी मला म्हणाली, 'पान वाढलंय, हे मला जमणार नाही, तुम्ही या.' काय वाटलं म्हणून सांगू तुला! घरात दिवसभर माझाच आवाज ऐकतो मी. याला उत्तर देतोय, त्याला उत्तर देतोय, सभा चालवतोय. आणि मी खाटेवर पडून ऐकतोय. मला कुणी काही विचारतच नव्हतं गं. आज पहिल्यांदा माझी गरज पडली कुणालातरी. तीसुद्धा जेवायला!"

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तात्यांनी त्यांना पंगतीत आपल्या हातानं बसवलं.

"आता सांग, मी कशाला विरोध केला?"

केतकीनं प्रस्तावाचा कागद पुढे केला. सरांनी तो लांब धरला, जवळ धरला. "चष्मा राहिला घरी. घाईत निघालो."

तिनं पर्स उघडली. तो चष्मा अजून दुकानाच्या मऊ कापडात तसाच गुंडाळलेला होता. तिनं तो उलगडून सरांच्या हातात दिला. सरांनी तो नाकावर चढवला, कागद पुन्हा धरला.

"नंबर थोडा इकडेतिकडे आहे," ते म्हणाले, "पण दिसतंय. चांगलं दिसतंय."

आणि ते वाचू लागले. सगळी पंगत हात थांबवून त्यांच्याकडे बघत होती. केतकी मात्र चष्म्याकडे बघत होती.

"एक शंका आहे," सर मान वर करून म्हणाले. "डबीनं विचारलं, आणि मालक आळशीपणानं म्हणाला, 'तूच ठरव', तर?"

"तर तो आळशीपणा मालकाचा, सर. डबीचा नाही. त्याला विचारलं होतं, एवढं तरी खरं असेल."

सरांनी चष्मा नाकावर वर सरकवला. "हा प्रश्न माझ्या डबीनं विचारला होता का?"

"नाही सर. तिनं कधीच नाही विचारला."

"म्हणजे मी अजून तिच्या पुढेच आहे!" सरांनी मांडीवर थाप मारली. "अरे, कोण म्हणतं मी म्हातारा झालो? तात्या, घ्या मतदान. मूळ नियमकर्ता पुरा राजी आहे."

"हात वर करा, मंडळी!" तात्या ओरडले. कुणीतरी म्हणालं, हात उष्टा आहे. "उष्टाच चालतोय! उष्ट्या हाताचं मत लई पक्कं असतंय!"

आणि हात वर गेले. मसालेभाताचे, मठ्ठ्याचे, पाकानं चिकट झालेले हात. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातच हात. सभागृहात पुण्या-सोलापूरचे काही हिरवे ठिपके विरोधात तेवत होते, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. टाळ्या वाजवायला गेलेल्यांच्या हातांचा पाक उडाला, कुणाच्या साडीवर पडला, आणि तरी कुणी थांबलं नाही. मागून आचारीसुद्धा झारे घेऊन बाहेर आले. कसलं लग्न लागलं ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तात्यांनी आता मात्र कुणाचं न ऐकता सनई लावली.

शंकेची जोड केतकीपाशी तयारच होती. "पहिल्यांदा माझ्या डबीला लाव," सरांनी हट्ट धरला. "आत्ता. माझ्यासमोर. आणि मी इथं असलो तरी बोलायची परवानगी आहे तिला आज."

केतकीनं जोड बसवली. व्यासपीठावरून आणलेली ती काळी डबी सरांच्या ताटाशेजारी ठेवली. लोक पंगती मोडून भोवती गोळा झाले. काय विचारावं, कुणाला सुचेना. तात्यांच्या हातात जिलबीचं ताट होतं. त्यांना दुसरा कुठला प्रश्न सुचणंही शक्य नव्हतं.

"सरांना एक जिलबी वाढू का हो?" त्यांनी डबीला विचारलं.

सरांचा हात, कित्येक वर्षांच्या सवयीनं, आपोआप ताटावर आडवा झाला.

डबीचा ठिपका पिवळा झाला. ती थांबली. आजवर कुठल्याही डबीला कुणी असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. मग सरांच्याच आवाजात, पण सरांनी स्वतः कधी वर्गात न काढलेल्या नरम सुरात, ती म्हणाली, "त्यांना गोड वर्ज्य आहे, एवढं मला माहीत आहे. पण आजचा दिवस वेगळा दिसतोय. मला नक्की सांगता येत नाही. त्यांनाच विचारा."

भूपाल आरवाड्यांच्या चष्म्यातून सरांनी एकदा डबीकडे पाहिलं, एकदा केतकीकडे पाहिलं, आणि ताटावर आडवा धरलेला हात हळूच बाजूला घेतला.